१२ जुलै १९६१ : पानशेतच्या पुरात पुण्याच्या पुलांचं काय झालं? घरच्यांकडून ऐकलेलं लिहा

मुठाई
नमस्कार मंडळी. पानशेतच्या पुरावर आधी तुकड्यातुकड्यात बरंच येऊन गेलंय, पण पुलांबद्दल एका जागी काही सापडत नाही म्हणून हा धागा. १२ जुलै १९६१, बुधवार. सकाळी आंबी नदीवरचं पानशेत धरण फुटलं, ते पाणी खाली खडकवासल्याच्या तलावात शिरलं आणि दुपारी खडकवासल्याची भिंतही गेली. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पुढचं मात्र कोणी नीट सांगत नाही. लकडी पूल, नवा पूल (शिवाजी पूल), कुंभारवेशीचा दगडी पूल, संगम पूल, यांची अवस्था काय झाली, डेक्कनला अडकलेला माणूस पेठेतल्या घरी कसा पोचला, हे ज्यांनी पाह्यलंय ती पिढी आता ऐंशीच्या आसपास किंवा पुढे आहे. घरात कोणी सांगणारं असेल तर आजच विचारा, उद्यावर टाकू नका. माझं मत विचाराल तर पुण्याने त्या दिवशी नदी कुठवर आली होती हे जवळजवळ पुसूनच टाकलंय आणि त्याचा मला फार राग येतो. पण तो विषय नंतर, आधी पूल.

पेठकर_नारायण
आमचा वाडा नारायण पेठेत, नदीपासून दोन गल्ल्या आत. वडील तेव्हा कॉलेजात. ते सांगतात की सकाळपासून लोक लकडी पुलावर पाणी बघायला उभे होते. मुठेला पूर येणं नवीन नव्हतं, दर पावसाळ्यात लोक जायचेच बघायला. त्या दिवशी पाणी चढायचा वेग बघून जुनी माणसं आधी मागे फिरली, मग पोलिसांनी बाकीच्यांना हटवलं. नंतर पुलाच्या कमानी दिसेनाशा झाल्या, मग कठडा, मग पूलच. वडिलांच्या तोंडचं वाक्य, 'पाणी पुलाखालून जात होतं ते पुलावरून जायला लागलं आणि थोड्या वेळाने पूल कुठाय ते सांगता येईना.' लाकडाच्या ओंडक्यांपासून गोठ्यातल्या जनावरांपर्यंत सगळं वाहत येऊन तिथे आदळत होतं.

शेवंती
पेठकर, अंगावर काटा आला वाचून. आजी शनिवारातली, तिचंही असंच काहीसं, फक्त ती पूल बघायला गेली नव्हती. ती शिवणकाम करायची आणि तिने शिलाई मशीनचं वरचं डोकं तेवढं खोलून खांद्यावर घेतलं, पाय-पाट्याचं खालचं लोखंड राह्यलं घरातच. आजोबा ओरडत होते पोरांना धर म्हणून, ती म्हणाली पोरं चालतायत, मशीन चालत नाही. दोन्ही पोरं आणि मशीन घेऊन पर्वतीच्या पायथ्याला पोचली. पुढची कित्येक वर्षं घर त्याच मशीनवर चाललं.

सायकलवाला
आजींना साष्टांग नमस्कार!! 'मशीन चालत नाही' हे भारीच.

मुठाई
शेवंती, खालचं लोखंड नंतर सापडलं का?

शेवंती
सापडलं की. चिखलात आडवं पडलेलं, तुळईखाली. गंजलेलं, पण घासूनपुसून तेच वापरलं.

भराव_आणि_पाया
मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. पानशेतवर नव्हतो (तेव्हा शाळेत होतो) पण नोकरीत या धरणाचा अभ्यास करावाच लागतो, म्हणून थोडं तांत्रिक लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

पानशेत हे मातीचं धरण. मातीच्या धरणाचं पहिलं पथ्य, पाणी त्याच्या माथ्यावरून जाता कामा नये, आणि आतून वाट काढता कामा नये. १९६१ च्या पावसाळ्यात धरण पुरं झालेलं नव्हतं. काम ठरल्या मुदतीच्या आधी उरकून त्याच वर्षी पाणी अडवायची घाई झाली. पाणी सोडण्याच्या मोरीचं आणि तिच्या दरवाजाचं काम अर्धवट होतं. जुलैत पाऊस लागून राहिला, तलाव अपेक्षेपेक्षा भराभर चढला आणि मोरीच्या वरचा भराव खचायला लागला. ११ तारखेच्या रात्री लष्कराचे जवान तिथे वाळूची पोती टाकून खचलेला भाग उंच करत होते. भर पावसात, रात्रभर, खाली काय चाललंय ते माहीत असताना. त्या जवानांचं नाव पुण्यात फारसं कोणी घेत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय. पोत्यांनी काही तास मिळाले. तेच धरण रात्री दोनला फुटलं असतं तर हा धागा लिहायला आपल्यातले किती जण असते कोण जाणे.

खडकवासला वेगळं, ते दगडी. १८७९ च्या सुमाराला पुरं झालेलं, म्हणजे तेव्हा ऐंशी वर्षांचं. विश्वेश्वरय्यांनी आपले स्वयंचलित दरवाजे १९०३ साली पहिल्यांदा बसवले ते याच धरणावर. वरून आलेलं पानशेतचं पाणी त्याच्या झेपेबाहेरचं होतं, तरी ते दुपारपर्यंत उभं राह्यलं. त्या मधल्या वेळात काठावरची हजारो माणसं उंचावर गेली. माझ्या मते पुण्याचे जीव वाचले ते या दोन गोष्टींनी, दिवसाउजेडी फुटलं आणि खडकवासल्याने दम धरला.

प्रश्नांकित
पण काका, मग लोकांना आधी सांगितलं का नाही? रात्री पोती टाकत होते म्हणजे धोका माहीत होता ना?

भराव_आणि_पाया
हाच प्रश्न तेव्हाही अख्ख्या पुण्याने विचारला. चौकशी आयोग नेमला, आधी न्यायमूर्ती बावडेकर, ते गेल्यावर न्यायमूर्ती व्ही. ए. नाईक. नदीकाठच्या लोकांना मिळालेली सूचना फार उशिरा आणि फार अपुरी होती, यात मला तरी शंका नाही. ज्यांना कळलं त्यांना सायकलवरून ओरडत जाणाऱ्या माणसांकडून, शेजाऱ्यांकडून कळलं.

आंबीखोरं
एक बोलू का. पुण्याचा पूर पुण्याचा पूर करता पण पाणी पुण्यात यायच्या आधी आमच्याकडून गेलं ना. मी पानशेत खोऱ्यातला. धरणाच्या वर गावं उठवली धरणासाठी, आणि खालची गावं धुतली धरण फुटून. आमचे आजोबा म्हणायचे की पाण्याच्या आधी आवाज आला, दरड कोसळल्यासारखा आणि तो थांबेचना. लोक डोंगराच्या बाजूला पळाले, गुरं सोडून दिली. नदीकाठची भाताची खाचरं, बापजाद्यांनी ताली (बांध) घालून केलेली, तिथं नंतर नुसते गोटे. माती परत यायला एक पिढी गेली. खडकवासल्याच्या खालीपण शिवणे, नांदेड, विठ्ठलवाडी, या गावांचं कुणी लिहीत नाही. पूल पडला तर बातमी होते, खाचर गेलं तर नाही.

मुठाई
आंबीखोरं, बरं झालं लिहिलंत. धाग्याचं नाव पुलांचं असलं तरी हे यायलाच पाहिजे होतं. आजोबांकडचं अजून काही असेल तर सविस्तर लिहा ना, मी वाट बघते.

आंबीखोरं
आजोबा नाहीत आता. चुलत्यांना विचारतो, ते तेव्हा गुरं राखायचे.

कृष्णाकाठचा
सांगलीचा आहे, राहवलं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे पुराची भाषाच आयर्विन पुलाच्या फुटांत. १९२९ चा पूल. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे शाळेतल्या पोराला पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टात ५७ फुटांच्या वर गेलं. पण आमचा पूर आणि तुमचा पूर यात फरक आहे. कृष्णा चढत जाते, दिवस देते, रात्री देते, माणूस सामान माळ्यावर टाकतो, मग माळाही जातो. आणि उतरायलाही आठवडा. पानशेतचं पाणी सकाळी आलं आणि संध्याकाळनंतर उतरायला लागलं म्हणतात. कुठलं जास्त वाईट हे ठरवता येत नाही मला. आमच्याकडे माणसं आठ आठ दिवस गच्चीवर अडकली होती.

सायकलवाला
मग पुण्यात प्रत्येक पुलावर फुटांच्या खुणा का नाहीत? म्हणजे असतील कुठे, पण लोकांना पाठ नाहीत. आमच्या ग्रुपवर पावसाळ्यात एकच आकडा फिरतो, खडकवासल्यातून किती क्युसेक (सेकंदाला किती घनफूट पाणी) सोडले. तो आकडा वाचून माझ्या दारात पाणी येणार का ते कळत नाही ना राव.

नीलरेषा
सायकलवाला, नेमकं बोललात. आमची सोसायटी सिंहगड रोडच्या बाजूला, २५ जुलै २०२४ ला पहाटे पार्किंगमध्ये पाणी होतं. विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या आसपास होता. हे पानशेतच्या पाण्यापुढे काहीच नाही! फ्लॅट घेताना बिल्डरच्या माणसाने सांगितलं होतं की इथे पाणी येत नाही, निळ्या रेषेच्या बाहेर आहे. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या, हे आम्ही पाणी आल्यावर शिकलो. खालच्या मजल्यावरच्या काकूंचं सगळं घर गेलं. त्या माहेरच्या पेठेतल्या, म्हणाल्या लहानपणी पानशेत पाह्यलं, म्हातारपणी हे.

महाडकर_सई
पुलांचा धागा आहे म्हणून आमच्या महाडच्या सावित्री नदीवरच्या पुलाचं लिहिते. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र, मुंबई-गोवा हायवेवरचा ब्रिटिशकाळचा दगडी कमानींचा पूल गेला आणि दोन एसट्या व एक तवेरा नदीत. अंधारात पूल नाही हे ड्रायव्हरला दिसलंच नसणार. नवा पूल १६५ दिवसांत उभा केला त्याचं कौतुक झालं, व्हायलाच हवं. पण जुना पूल पडायच्या आधी तो थकलाय हे आमच्याकडे रिक्षावालेसुद्धा बोलत होते. मला काकांना (भराव आणि पाया) विचारायचंय, पाणी पुलाचं नक्की काय बिघडवतं? वरून जातं ते जास्त वाईट की खालून?

भराव_आणि_पाया
सईताई, प्रश्न मोलाचा आहे. थोडक्यात सांगायचा प्रयत्न करतो. वरून जाणारं पाणी कठडे, रस्त्याचा थर, दिवे, पाइप नेतं, आणि वाहत आलेलं लाकूडफाटा कमानीत अडकलं की पूल स्वतःच बांधासारखा होतो, मागे फुगवटा चढतो. लकडी पुलाच्या वरच्या बाजूला पाणी एवढं आत शिरलं त्यात या तुंबण्याचाही हात असणार. पण पूल पाडतं ते बहुतेक वेळा खालचं पाणी. खांबाच्या पायाशी भोवरे होतात, ते वाळू-माती उकरून नेतात, पाया उघडा पडतो. पूर असताना ते दिसत नाही. पूर ओसरताना पुन्हा गाळ येऊन खड्डा भरतो, वरून सगळं ठीक दिसतं आणि आतला भराव भुसभुशीत. म्हणून पूर गेल्यावर पाणबुड्याने पाया बघितल्याशिवाय पूल सुरू करू नये. पुण्याच्या पुलांना एक फायदा होता, मुठेच्या पात्रात खडक वर आहे, त्यामुळे जुन्या दगडी पुलांचे पाय बरेचसे टिकले.

पेठकर_नारायण
वडिलांना काल फोनवर पुन्हा विचारलं. पाणी उतरल्यावर लकडी पुलावर त्यांनी पाह्यलं ते असं : कठडे गायब, रस्ता उखडलेला, गाळ, मध्येच अडकलेलं झाडाचं खोड मुळांसकट. वाहनं बंद. लोक जपून चालत जात होते, ज्याचं माणूस पलीकडे होतं तो कोणाचं ऐकणार. तेव्हा मुठेवर पूलच मोजके. म्हात्रे पूल, राजाराम पूल, गरवारे पूल, भिडे पूल, यातलं काही नव्हतं. जे होते ते सगळे एका दिवसात पाण्याखाली, शहराचे दोन तुकडे. चालू राहिला तो बंडगार्डनचा पूल.

न्यूजर्सीत_राहणारी
बंडगार्डनचं खरं आहे. माझे सासरे तेव्हा शिवाजीनगरला नोकरीला आणि घर रास्ता पेठेत. त्यांनी खडकी-येरवडा-बंडगार्डन असा वळसा घालून घर गाठलं, चालत. घरी सगळे सुखरूप होते, रास्ता पेठेत त्यांच्या बाजूला पाणी नव्हतं. पण ते कळेपर्यंत त्या माणसाच्या मनात काय काय आलं असेल. त्यांच्यासाठी बंडगार्डन म्हणजे शेवटपर्यंत 'आपला पूल'. मागच्या वेळी आलो तेव्हा त्यांच्या नातवाला तिथे नेऊन दाखवला, आता गाड्यांना बंद आहे, माणसं फिरायला येतात. १८६९ चा पूल आहे तो.

सायकलवाला
रोज बंडगार्डनला सायकल लावून चहा पितो आणि मला हे माहीत नव्हतं. उद्या कट्ट्यावर सगळ्यांना सांगतो.

कसब्यातला
कुंभारवेशीकडचं मी सांगतो. आमची आई कुंभारवाड्याशेजारची. जुलै म्हणजे गणपतीचं काम जोरात. मूर्ती वाळत घातलेल्या, काही रंगाला गेलेल्या. सगळ्या विरघळल्या. पाणी उतरल्यावर घरात जो गाळ होता त्यात शाडू कुठला आणि नदीचा कुठला सांगता येत नव्हतं, असं आई म्हणते. आणि तरी त्या वर्षी सप्टेंबरात गणपती बसले. कुंभारांनी उसनवारीवर माती आणून मूर्ती केल्या, लहान केल्या पण केल्या.

वाड्यांचंही सांगायला हवं. जुन्या वाड्यांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, सांगाडा सागवानी. पाणी चार-पाच तास उभं राह्यलं की भिंत खालून ओली होऊन बसकण मारते. आई सांगते, पाणी गेलं म्हणून लोक घर बघायला परत आले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत भिंती बसत होत्या. खांब, तुळया, माळवद जागच्या जागी आणि भिंतच नाही, आरपार पलीकडची गल्ली दिसते. दुपारी उभी असलेली घरं रात्रीतून पडली. ओल्या भिंतींचे आवाज येत होते आणि लाइट नाही.

शेवंती
हो, आणि पिण्याचं पाणीही नाही! खडकवासला गेलं म्हणजे शहराचा नळच गेला. आजी म्हणते वाड्यांतल्या विहिरी पुन्हा उपसल्या. टायफॉइड-कॉलऱ्याची इंजेक्शनं रांगेत उभं करून दिली, आजीचा दंड सुजला होता. वर दुसऱ्या दिवशी अफवा उठली, 'पाणी आलं, पाणी आलं', आणि लोक पुन्हा पर्वतीकडे पळाले. त्या पळापळीत माणसं पडली, पोरं हरवली.

प्रश्नांकित
एकूण किती माणसं गेली याचा आकडा मिळतो का कुठे?

भराव_आणि_पाया
वेगवेगळे आकडे सांगितले जातात आणि त्यांच्यात फार तफावत आहे. मी कुठलाच लिहीत नाही.

गोखलेनगर_गल्ली
आमची अख्खी वस्तीच पानशेतने वसवली. गोखलेनगर, तिकडे सहकारनगर-पर्वतीच्या बाजूच्या पूरग्रस्त वसाहती. स. गो. बर्वे यांना पुनर्वसनासाठी आणलं, ते आधी पुण्याचे आयुक्त होते त्यामुळे शहर त्यांना पाठ. सुरुवातीला काही ठिकाणी अर्धगोल पत्र्याची घरं, उन्हाळ्यात भट्टी. तेव्हा पेठेतले लोक म्हणायचे कुठे जंगलात राहायला जाताय. पेठेत एका वाड्यात राहणारी बिऱ्हाडं पाच दिशांना गेली, गणपती एकत्र, पाणी एकत्र, भांडणं एकत्र, ते सगळं संपलं. माझी आई अजून तिथल्या शेजारणीला 'आमच्या वाड्यातली' म्हणून ओळख करून देते, वाडा जाऊन साठ वर्षं झाली तरी.

मुठाई
किती मोठा ऐवज जमला! पुलांवर परत येते. आत्तापर्यंतचं जोडलं तर असं दिसतं : मुठेवरचे सगळे पूल बुडाले, लकडी पुलाचे कठडे आणि रस्ता गेला, बंडगार्डन तेवढा चालू. नव्या पुलाबद्दल अजून कोणीच लिहिलं नाही. १९२३ चा पूल, शनिवारवाड्याला लागून, तिथून पाणी शहरात कसं शिरलं?

कसब्यातला
आईला विचारून आलो. नवा पूलही पूर्ण पाण्याखाली होता, आणि त्याच्या दोन्ही अंगांनी पाणी आत आलं. ती म्हणते पूल दिसत नव्हता, दिव्यांचे खांब दिसत होते, त्यावरून कळायचं की पूल तिथे आहे. नंतर कठडे नव्याने बांधले. मूळ बांधणी टिकली.

नीलरेषा
मला एक सुचवायचंय. आपण सगळे मिळून १२ जुलैच्या पाण्याच्या खुणा नकाशावर आणूया का? काही वाड्यांवर पाण्याची रेघ आणि तारीख लिहिलेली पाटी अजून आहे. वाडे पडतायत, पाट्या जातायत. कोणाच्या घरी पाणी कुठवर आलं होतं, जिन्याच्या कितव्या पायरीला, कोणत्या खिडकीला, एवढं आणि गल्ली लिहा, घर नंबर नको. मी नकाशा करते, ऑफिसात हेच काम करते.

पेठकर_नारायण
आमचं लिहा : नारायण पेठ, पहिल्या मजल्याच्या जिन्याला वरून तिसरी पायरी. वडिलांनी खडूने केलेली खूण पुढे रंगात गेली पण पायरी पक्की माहीत आहे.

शेवंती
शनिवार पेठ, देवघराच्या कोनाड्याच्या वर. आजीला उद्या नीट विचारून उंची सांगते.

कृष्णाकाठचा
नीलरेषाताई, सांगलीचा पण करा. माहिती मी गोळा करून देतो, आमच्या गल्लीत २००५ आणि २०१९ दोन्हीच्या रेघा आहेत एकाच भिंतीवर.

आंबीखोरं
चुलत्यांशी बोललो. ते म्हणाले पाणी गावातल्या देवळाच्या पायऱ्या ओलांडून सभामंडपात गेलं होतं. आमचं खोरंपण घ्या नकाशात, पानशेतपासून सुरू करा, लकडी पुलापासून नको.

नीलरेषा
पानशेतपासूनच सुरू करते. गावाचं नाव आणि देवळाचा फोटो पाठवा दादा, पायऱ्या मोजता येतील असा.